लखनौचं दुसरं दप्तर

७ जुलै २००१. एका माणसाच्या तक्रारीवरून लखनौ पोलिसांनी शहरातल्या एका बागेत धाड घातली. पुरुष पुरुषांना भेटायला जिथे येतात अशी ती जागा होती, आणि तिथे सापडलेल्यांमध्ये 'भरोसा ट्रस्ट' नावाच्या संस्थेचा एक कार्यकर्ता होता. तो एड्सपासून बचाव कसा करायचा हे सांगायला तिथे जात असे. त्याच्यामागून पोलीस संस्थेच्या कार्यालयात पोचले आणि तिथून 'नाज फाउंडेशन इंटरनॅशनल'च्या कार्यालयात. दोन्ही कार्यालयांना टाळं लागलं. दोन्ही संस्थांची मिळून चार माणसं कोठडीत गेली. आरिफ जफर त्यांपैकी एक.

पंचनाम्यात शस्त्रं नव्हती, पैसा नव्हता. माहितीपत्रकं, प्रशिक्षणाच्या चित्रफिती आणि कंडोम कसा वापरायचा हे दाखवायचं साहित्य, एवढाच काय तो मुद्देमाल. त्यातून उभे राहिलेले गुन्हे मात्र भारदस्त होते : समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंडसंहितेचं कलम ३७७, कट रचणं, गुन्ह्याला चिथावणी देणं, अश्लील साहित्य बाळगणं. वर्तमानपत्रांनी या कार्यालयांना समलिंगींचा अड्डा ठरवलं. खालच्या न्यायालयाने जामीन नाकारताना ही माणसं समाज नासवत आहेत असा शेरा मारला. सत्र न्यायालयातही जामीन मिळाला नाही. जफर ४७ दिवस तुरुंगात होते. तिथे मारहाण झाली, साधं पाणी मिळणंही मुश्कील होतं, हे त्यांनी पुढे वारंवार सांगितलं आहे. उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने जामीन दिला तेव्हा ते बाहेर आले. खटला मात्र संपला नाही, वर्षानुवर्षं रेंगाळत राहिला.

यातली विसंगती अशी की समलिंगी पुरुषांपर्यंत पोचून एड्स रोखायचा, हे तेव्हा केंद्र सरकारच्याच कार्यक्रमात लिहिलेलं होतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा दुसरा टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला होता. सरकारच्या एका खात्याने जे काम करा म्हणून सांगितलं, तेच दुसऱ्या खात्याने गुन्हा म्हणून नोंदवलं. आणि पोलिसांनी उचलून नेला त्यात बराचसा कागदच होता.

मराठी वाचकाला कागदाची महती वेगळी सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरचे रुमाल त्यांनी सोडले, तेव्हा आपला इतिहास उभा राहिला. 'अस्सल कागद आहे का?' हा आपला पहिला प्रश्न असतो. लखनौच्या समलिंगी स्त्रीपुरुषांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला की उत्तर विचित्र येतं. कागद आहेत, भरपूर आहेत. पण सरकारी दप्तरात आहेत ते गुन्हेगार म्हणून, आणि जे कागद त्यांच्या जगण्याबद्दल आपुलकीने लिहिले गेले होते ते शहराने स्वतःच्या हाताने अडगळीत टाकले. म्हणून ही गोष्ट दोन दप्तरांची आहे. एक पोलिसांचं. दुसरं हरवलेलं, आणि मोठ्या चिकाटीने परत जमवलेलं.

जुळ्या बदामाची मैत्रीण

अवधचा नवाब आसफउद्दौला याने १७७५ मध्ये राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. दिल्ली खिळखिळी होत होती. तिथले कवी, गवई, कारागीर पोटासाठी पूर्वेकडे सरकत होते. त्यांच्याबरोबर लखनौत उर्दू कवितेची एक नवी तऱ्हा रुजली. सर्वसाधारण उर्दू कवितेला तेव्हा 'रेख्ता' म्हणत. हिला नाव पडलं 'रेख्ती'. रेख्तीत बोलणारी बाई असे आणि भाषा घराच्या आतल्या दालनातली, म्हणजे 'बेगमाती बोली'. बांगडीवाली, दाई, मोलकरणी, नवस, भूतबाधा, सवतींची भांडणं, दुपट्ट्याचा रंग, हे सगळं त्यात यायचं. या तऱ्हेचा जनक मीच, असं सआदत यार खान 'रंगीन' सांगत असे. त्याचा मित्र इन्शाअल्लाह खान 'इन्शा' यानेही पुष्कळ रेख्ती लिहिली.

उत्तर पेशवाईत आपल्याकडे राम जोशी, होनाजी हे शाहीर बाईच्या तोंडून लावणी म्हणवत होते तो हाच काळ. दोन्हीकडे लिहिणारे पुरुष आणि बोलणारी बाई. त्यामुळे रेख्ती म्हणजे बायकांची कैफियत जशीच्या तशी, असं समजून चालणार नाही. पण रंगीनने एक काम असं केलं की इतिहासाने त्याचे आभार मानावेत. आपल्या रेख्तीच्या दीवानाला, म्हणजे काव्यसंग्रहाला, त्याने बायकांच्या शब्दांचा कोश जोडला. त्या कोशात आणि त्या कवितांत काही शब्द असे आहेत, जे बाईचं बाईवरचं प्रेम सांगण्यासाठीच वापरात होते.

'दोगाना' त्यांतला एक. बदाम फोडला आणि आत जुळं बी निघालं तर दोघींनी ते वाटून खायचं. मग त्या एकमेकींच्या दोगाना झाल्या. 'जनाखी'ला कोंबडीच्या छातीचं दुपाखी हाड लागे. दोघींनी दोन टोकं धरून ते मोडायचं. वेलदोडा वाटून घेऊन जुळलेल्या नात्याला 'इलायची' म्हणत. ही नाती सगळी शरीराचीच होती असं नाही. सगळी नुसत्या गुजगोष्टींची होती असंही नाही. कवितांत दोन्ही आहे, आणि आडपडदा फारसा नाही. कुठल्याही भाषेत एखाद्या गोष्टीला शब्द असतात, त्या शब्दांना विधी असतात, तेव्हा ती गोष्ट चोरीची राहिलेली नसते. निदान त्या दालनात तरी ती सगळ्यांना ठाऊक असते.

पुढच्या पिढीत मीर यार अली 'जान साहब' झाला. मुशायऱ्यात दुपट्टा ओढून, बायकी हावभाव करत तो रेख्ती म्हणायचा आणि लखनौकर दाद द्यायचे. दरबारही याला अपवाद नव्हता. १८२७ ते १८३७ या काळात गादीवर असलेला नसीरउद्दीन हैदर इमामांच्या जन्मदिवशी स्त्रीवेश करून बाळंतिणीचं सोंग करीत असे, असं लखनौचा इतिहासकार अब्दुल हलीम शरर लिहितो. याला आजचा 'समलिंगी' हा शब्द चिकटवणं चूक ठरेल. तो त्या घराण्यातल्या एका भाविक रिवाजाचा भाग होता. पण बाईपण आणि पुरुषपण यांच्यामधली भिंत त्या शहरात किती पातळ होती, एवढं त्यावरून नक्की कळतं.

ही पातळ भिंतच पुढे आरोपपत्रात गेली.

नोंदवही

१८५५ मध्ये विल्यम नाइटन याचं नसीरउद्दीनच्या दरबारावरचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. बायकी, नाचगाण्यात बुडालेले, राज्य करायला नालायक नवाब हे त्यातलं चित्र. पुस्तक वेळेवर आलं होतं. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी कंपनीने अवध खालसा केलं आणि तिथला नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेला. पाठोपाठ सत्तावनचा रणसंग्राम, आणि त्यानंतर नवा कायदा. मेकॉलेने १८३७ मध्ये मसुदा केलेली दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिचं ३७७वं कलम 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगत होतं. निसर्गाचा क्रम म्हणजे काय, हे मात्र त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला माहीत आहे तो पारधी, कैकाडी, बेरड यांच्या छळामुळे. पण त्याचा दुसरा भाग क्वचित वाचला जातो. तो हिजड्यांसाठी होता आणि ज्या प्रांतांसाठी हा कायदा झाला त्यांत अवधचं नाव होतं. संशयितांची आणि त्यांच्या मालमत्तेची नोंदवही ठेवायची. नोंद असलेला कुणी बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला, नाचला, गायला तर बिनवॉरंट पकडायचा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. जान साहब ज्या वेशात वाहवा मिळवत होता, तोच वेश त्याच प्रांतात तुरुंगाचं कारण झाला.

या नोंदवह्यांच्या काळात कोर्टात पोचलेलं एक नाव आजही कायद्याच्या पुस्तकांत आहे : खैराती. मुरादाबादकडचा हा माणूस बायकी कपड्यांत गाताना सापडला आणि त्याच्यावर ३७७ लावलं गेलं. शिक्षा झाली. १८८४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण गुन्हा कधी घडला, कुठे घडला, कुणाबरोबर घडला, यातलं काहीच सरकार पक्षाला सांगता आलं नव्हतं. पुरावा फक्त एवढाच, की हा माणूस 'तसा' आहे. लखनौच्या २००१ च्या धाडीत ११७ वर्षांनी हेच तर्कशास्त्र पुन्हा वापरलं गेलं.

पण सगळं पाप इंग्रजांच्या माथी मारून सुटका नाही. नव्या शिक्षणात वाढलेल्या आपल्याच लोकांना आपल्याच आजोबांची लाज वाटू लागली होती. १८९३ मध्ये मौलाना हाली यांनी उर्दू कवितेची जी चिकित्सा मांडली, तिचे सर्वांत कडक फटके लखनौच्या शृंगाराला बसले. रेख्ती अश्लील ठरली, बाष्कळ ठरली. संग्रहांतून तिच्या ओळी गाळल्या गेल्या आणि दीवान ग्रंथालयांच्या कपाटांत पडून राहिले. लावणीलाही आपल्याकडे हेच ऐकावं लागलं होतं. पण लावणी फडावर जगली. रेख्तीला फड नव्हता. ती मुशायऱ्यातून उठली ती थेट विस्मरणात गेली.

परीखान्यातला मराठी माणूस

या गोष्टीत एक मराठी माणूस न बोलावता येऊन उभा राहतो. कैसरबागेत वाजिद अली शाहचा परीखाना होता. तिथे तो निवडक स्त्रियांना नाचगाणं शिकवून घेत असे. त्याने त्यांना नाव दिलं होतं 'परी'. नवाब गेला, परींची पांगापांग झाली. १९२६ मध्ये पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौत मॅरिस म्युझिक कॉलेज सुरू झालं आणि पुढे ते याच परीखान्याच्या इमारतीत आलं. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे.

भातखंड्यांनी केलं काय? उस्तादांच्या कंठात अडकलेल्या चिजा मिनतवारीने मिळवल्या आणि स्वरलिपीत लिहून काढल्या. 'क्रमिक पुस्तक मालिका' मूळ मराठीत निघाली. ज्या दरबारी संगीताला सभ्य समाज नाक मुरडत होता, ते त्या पुस्तकांच्या जोरावर शाळेत जाऊन बसलं. त्याची किंमत म्हणून तवायफांना मात्र दाराबाहेर राहावं लागलं, हेही खरं. तरीही मुद्दा उरतोच : नवाबी लखनौच्या एका वारशाला वेळेवर भातखंडे मिळाले आणि तो कागदावर आला. रेख्तीला आणि तिच्यातल्या दोगानांना आपला भातखंडे मिळायला आणखी पाऊणशे वर्षं लागली.

मधल्या काळात सगळंच मुकं होतं असं नाही. लखनौच्या दक्षिणेला रायबरेली रोडवर आज वृंदावन योजना आहे. उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने वसवलेली ही वसाहत सेक्टरांत आखलेली आहे. त्याच रस्त्याने पुढे गेलं की रायबरेली, आणि तिच्याही पुढे गंगेकाठी डलमऊ. हिंदीचे महाकवी सूर्यकांत त्रिपाठी 'निराला' यांची ही सासुरवाडी. १९३९ मध्ये, लखनौतल्या वास्तव्याच्या काळात त्यांचं 'कुल्ली भाट' प्रसिद्ध झालं. कुल्ली हा डलमऊचा खराखुरा माणूस. त्याच्याबद्दल गावात कुजबुज होती आणि नव्या जावयाने त्याच्याशी मैत्री करू नये म्हणून सासूबाई अस्वस्थ होत्या. कुल्लीने तरुण निरालांना घरी बोलावलं, खाऊपिऊ घातलं आणि मनातलं सांगून टाकलं. निरालांना आधी काही उमजलंच नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतःवर हसत लिहिला आहे, कुल्लीवर नव्हे.

आणि तिथे ते थांबत नाहीत. याच कुल्लीने पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली, मुसलमान बाईशी लग्न केलं, काँग्रेसच्या कामात झिजला. तो मेला तेव्हा त्याचे विधी करायला गावचे भटजी तयार होईनात. ते निरालांनी स्वतः केले. हिंदीत चरित्रं राजांची, संतांची, पुढाऱ्यांची लिहायची रीत होती. निरालांनी चरित्र लिहायला कुल्ली निवडला. दुसऱ्या दप्तरात हा कागद फार मोलाचा आहे.

स्त्रियांच्या बाजूने त्या दप्तरात पडलेला कागद आहे उर्दू लेखिका इस्मत चुगताईंचा. लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात शिकलेल्या इस्मत आपांची 'लिहाफ' ही कथा १९४२ मध्ये छापली गेली. नवाबाच्या घरातली एकटी बेगम, तिची मोलकरीण, आणि रजईच्या हलत्या सावलीकडे बघणारी एक लहान मुलगी. अश्लीलतेचा खटला लाहोरला भरला. इस्मत आपा मुंबईहून तिथे गेल्या आणि सुटून आल्या. खटला टिकला नाही, कारण आक्षेप घ्यावा असा एक शब्दही कथेत सापडत नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी ज्या गोष्टीला अवधच्या दालनांत तीन-तीन शब्द होते, ती सांगायला आता एकही उरला नव्हता. लेखिकेचं कौशल्य तिला वाचवून गेलं. त्याच कौशल्यातून भाषेला पडलेलं भोकही दिसलं.

माँट्रियलची एक रात्र

हे भोक बुजवायला पुढे ज्यांनी हात घातला ते सलीम किदवई १९५१ मध्ये लखनौत जन्मले. पुढे दिल्लीला गेले, रामजस कॉलेजात मध्ययुगीन इतिहास शिकवू लागले, आणि वरच्या अभ्यासासाठी कॅनडात माँट्रियलला पोचले. ऑक्टोबर १९७७ मध्ये तिथल्या 'ट्रक्स' नावाच्या समलिंगींच्या बारवर पोलिसांनी हत्यारं घेऊन धाड घातली आणि १४६ माणसं धरली. त्यांत किदवई होते. पकडले जाणं, झडती, खटल्याची टांगती तलवार, या सगळ्याने ते हादरले आणि मायदेशी परतले.

त्या धाडीनंतर दुसऱ्या दिवशी माँट्रियलच्या रस्त्यावर मोठा जमाव उतरला आणि वर्ष संपायच्या आत क्वेबेक प्रांताने आपल्या मानवी हक्कांच्या सनदेत लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव करायला बंदी घातली. एका धाडीतून कायदा बदलायला तिथे दोन महिने लागले. लखनौच्या धाडीला किती लागले, ते पुढे येईलच.

किदवईंनी रस्त्याऐवजी ग्रंथालय धरलं. रुथ वनिता या मैत्रिणीबरोबर त्यांनी जुनं भारतीय साहित्य उकरायला घेतलं. संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी, बंगाली. पुराणांपासून विसाव्या शतकातल्या कथांपर्यंत. पुरुषाचं पुरुषावरचं आणि बाईचं बाईवरचं प्रेम जिथे जिथे लिहिलं गेलं होतं, ते सगळं भाषांतर करून एका ग्रंथात आणलं. 'सेम-सेक्स लव्ह इन इंडिया' २००० मध्ये प्रसिद्ध झाला. रेख्ती त्यात होती. पुढे वनितांनी रेख्तीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो २०१२ मध्ये आला. आणि अठराव्या शतकातल्या लखनौतल्या दोन स्त्रियांच्या प्रेमावर 'मेमरी ऑफ लाइट' ही कादंबरीही लिहिली. हाच तो उशिरा मिळालेला भातखंडे. 'ही थेरं पाश्चात्त्यांची' म्हणणाऱ्याला आता पान काढून दाखवता येत होतं.

नव्वदच्या दशकात दुसऱ्या बाजूने माणसंही जमत होती. मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवींचं 'बॉम्बे दोस्त' निघालं होतं, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' झाला. लखनौत आरिफ जफर आणि त्यांचे सहकारी भरोसाचं काम करत होते. बागेत, बसस्टँडवर भेटणारे हे लोक रेख्ती वाचणारे नव्हते. स्वतःला 'कोती', म्हणजे बायकी वळणाचे पुरुष, म्हणवणारी, घरी बायकामुलं असलेली, दवाखान्यात खरं बोलायची भीती वाटणारी ही माणसं. त्यांच्यासाठी छापलेली साध्या भाषेतली चार पानं हाही या दप्तराचाच भाग होता. ग्रंथ आला २००० मध्ये. पुढच्याच जुलैत पोलीस ती चार पानं उचलून घेऊन गेले.

सतरा वर्षं

धाडीनंतर पाच महिन्यांनी, डिसेंबर २००१ मध्ये, दिल्लीच्या नाज फाउंडेशनने (ही संस्था वेगळी, अंजली गोपालन यांची) ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. या कलमामुळे एड्सचं काम अडतं, हा तिचा एक मुख्य मुद्दा होता, आणि लखनौने त्याचा जिवंत दाखला पुरवला होता. याचिका एकदा फेटाळली गेली, सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ऐकायला लावली. दरम्यान जानेवारी २००६ मध्ये लखनौ पोलिसांनी आणखी चौघांना धरलं. उघड्यावर अश्लील कृत्य करताना पकडलं, असं पोलीस म्हणाले. सत्यशोधन करणाऱ्यांना वेगळंच आढळलं : इंटरनेटवर सापळा लावून एकाला अडकवलं, त्याच्या फोनवरून बाकीच्यांना बोलावून घेतलं आणि नंतर जागा कागदावर बदलली. त्याच वर्षी केंद्राचं आरोग्य खातं न्यायालयाला सांगत होतं की हे कलम आमच्या कामाच्या आड येतं, तर गृह खातं सांगत होतं की ते राहिलंच पाहिजे.

२ जुलै २००९ रोजी मूळचे सोलापूरचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निकाल दिला : प्रौढांचे खाजगीतले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. साडेचार वर्षं कायद्याच्या नजरेत माणूस असलेले लोक एका सकाळी पुन्हा गुन्हेगार झाले.

तरी एप्रिल २०१७ मध्ये, कलम जिवंत असताना, लखनौत पहिली अवध प्राइड यात्रा निघाली. आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ज्या याचिका एकत्र आल्या, त्यांत एक आरिफ जफरांची होती. नामवंतांच्या त्या यादीत हा माणूस या कलमाखाली स्वतः तुरुंग भोगून आलेला. पंचनाम्यात ज्याचं नाव आरोपी म्हणून होतं, तोच आता अर्जदार म्हणून कागद घेऊन उभा होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कलमाचा भाग रद्द केला. त्यांत अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड हे दोन मराठी न्यायमूर्ती होते. इतिहासाने या लोकांची माफी मागायला हवी, असं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी निकालात लिहिलं. लखनौच्या धाडीपासून मोजलं तर सतरा वर्षं आणि दोन महिने.

निकालाचे पडसाद उत्तर प्रदेशात उमटले. नोव्हेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने शामलीच्या एकत्र राहणाऱ्या दोन स्त्रियांना घरच्यांपासून संरक्षण दिलं. पुढच्या फेब्रुवारीत समलिंगी संबंधाच्या कारणावरून काढून टाकलेल्या एका होमगार्डला त्याच न्यायालयाने कामावर परत घ्यायला लावलं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. त्यानंतर केंद्राने एवढं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढता येईल, रेशन कार्डावर एक कुटुंब म्हणून नावं लावता येतील. पासबुक आणि रेशन कार्ड : दोगानांच्या शहराला दोनशे वर्षांनी मिळालेले हे सरकारी कागद, आणि यांत आरोपी हा शब्द नाही.

पण घराच्या कागदाचं काय? मराठी कानाला 'वृंदावन' म्हटलं की अंगणातली तुळस आठवते, म्हणजे घर, संसार, तिन्हीसांजेचा दिवा. रायबरेली रोडवरच्या वृंदावन योजनेत किंवा पुण्याच्या कोथरूडमध्ये दोन बाया किंवा दोन बाप्ये मिळून घर बघायला गेले, की आजही पहिला प्रश्न येतो तो कुटुंबात कोण कोण याचा. त्याचं उत्तर लिहायला करारनाम्यात अजून रकाना नाही. 

सलीम किदवई २००२ मध्ये लखनौला कायमचे परतले होते. त्यांनी मलिका पुखराज यांचं आत्मचरित्र भाषांतरित केलं, कुर्रतुलऐन हैदर यांच्या कादंबऱ्या भाषांतरित केल्या, शहराचा इतिहास शिकू पाहणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवलं. ३० ऑगस्ट २०२१ रोजी लखनौतच ते गेले. त्यांनी शिकवलेला धडा इतिहासकाराचा होता : प्रेम लपलेलं नव्हतं, कागद लपवलेले होते.

आपल्या घरातही एखादी मावशी असेल, जी जन्मभर 'मैत्रिणी'बरोबर राहिली. एखादा काका असेल, ज्याने लग्न केलं नाही आणि ज्याच्या ट्रंकेत एकाच हस्ताक्षरातली पत्रं आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक उघडली, तर पत्रं जाळू नका, रद्दीतही घालू नका. वाचायचं धाडस होत नसेल तर न वाचता नीट बांधून ठेवा. पोलिसांचं दप्तर सरकार सांभाळतं. दुसरं दप्तर आपल्याच माळ्यावर आहे.